कुठली गाडी?

नवऱ्याने मोटार घेतली त्या दिवशी घरातला एक शब्द तिच्या हातून गेला. तोवर त्या घरात गाडी म्हणजे आगगाडी. ‘गाडी चुकली’, ‘गाडी आज रडतखडत आली’, ‘गाडीत बसायला जागा मिळाली’ असं म्हटलं की कुठली गाडी, हे विचारायची गरज पडत नसे. मोटार दारात येऊन उभी राहिली आणि गाडी म्हणजे ती झाली: पांढरी, धुतलेली, सीटवरचं प्लास्टिक अजून न काढलेली. आगगाडीला घरात ‘तुझी ती रेल्वे’ म्हणू लागले. म्हणू लागले म्हणजे नवरा म्हणू लागला. घरात दोघंच होती. हे शब्द उच्चारताना तो नाक असं वर ओढायचा, की रेल्वे नुकतीच नाल्यातून बाहेर काढली आहे असं ऐकणाऱ्याला वाटावं.

ती मात्र आगगाडीला गाडीच म्हणत राहिली. हट्टाने नव्हे. मोटारीला मोटार हा चांगला शब्द असताना दुसऱ्याचा शब्द पळवायचं कारण तिला दिसत नव्हतं.

मोटार ‘तुझ्यासाठी’ घेतली होती. हे नवऱ्याने विक्रेत्याला ऐकवलं, शेजाऱ्यांना ऐकवलं, फोनवर आक्काला, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीला ऐकवलं, आणि सगळ्यात शेवटी तिला ऐकवलं. त्याचं विमा कचेरीतलं टेबल घरापासून इतकं जवळ होतं की जेवणाच्या सुट्टीत तो घरी येऊन डुलकी काढून जाई. तेव्हा मोटार नक्की कुणासाठी, असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार असलेलं बरं.

“मग मी शिकते चालवायला,” ती म्हणाली होती.

“आत्ता नको. नवीन आहे. क्लच जाईल.”

“मग कधी?”

“जुनी झाली की.”

ती एका दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे आणि त्यावर बसतील असे सिरॅमिकचे दात ती घडवायची. पूड कालवून ब्रशने थर द्यायचा, भट्टीत भाजायचा, बाहेर काढून बघायचं, पुन्हा थर द्यायचा. खरं काम रंगाचं. माणसाचा दात पांढरा नसतो. मुळाशी पिवळट, टोकाशी जरा निळसर, मध्ये कुठे चहाचा, कुठे वयाचा डाग. ते सगळं तिच्या हातून यायचं, आणि तिने केलेला दात तोंडात गेला की हरवायचा. हरवला म्हणजे जमला.

शेजारच्या टेबलावर राजे बसत. ते सगळ्यांना ‘काय राजे’ म्हणून हाक मारत, म्हणून लोक त्यांनाच राजे म्हणू लागले होते. राजेंचे दात तोंडात हरवत नसत. न्हाणीघराच्या भिंतीवरून टाइल उचकटून बसवावी तसे ते हसणाऱ्याच्या आधी दिसायचे. राजेंचा हात झपाझप चाले, जीभ त्याहून झपाझप चाले, आणि एकाच पांढऱ्या पुडीवर त्यांचा सगळा संसार चालला होता.

लॅबच्या मालकांना सगळे डॉक्टर म्हणत. ते डॉक्टर नव्हते. कॉलेजची आणि त्यांची अर्ध्यावरच फारकत झाली होती. पण दारावरच्या पाटीत नावाआधी एक मोघम अक्षर आणि टिंब होतं आणि बाकीचं काम लोकांच्या भिडेने केलं.

तर या डॉक्टरांनी लॅब गावाबाहेर हलवायचं ठरवलं. नव्या जागेची पहिली थोरवी त्यांनी सांगितली ती अशी: “पार्किंग बघाल तर वेडे व्हाल.” दुसरी थोरवी सांगायचं ते विसरले; ती तिने स्वतः जाऊन पाहिली. सिरॅमिकसाठी तिथे वेगळी खोली होती आणि खोलीला उत्तरेकडे उघडणारी खिडकी होती. रंग बघायला उत्तरेच्या उजेडासारखा उजेड नाही. इतकी वर्षं ती ट्यूबच्या खाली दात रंगवून, ते बघायला जिन्यात जाऊन उभी राहत आली होती. त्या खोलीत उभी असताना तिला एकच गोष्ट हवीशी वाटली: ही खोली आपल्या ताब्यात असावी. राजेंच्या ताब्यात गेली तर त्या सुंदर उजेडात आयुष्यभर टाइली बघाव्या लागणार होत्या, आणि पुढे त्या करूनही द्याव्या लागणार होत्या.

खोलीला इन्चार्ज नेमायचा होता. काम असं की सगळ्यांच्या आधी येऊन दार उघडायचं आणि भट्ट्या चालू करायच्या, म्हणजे माणसं येईतो त्या तापलेल्या असतील. डॉक्टरांनी सगळ्यांना गोळा केलं आणि बोटात किल्ली फिरवत सांगितलं, “आपल्याकडे साधा हिशेब. किल्ली ज्याच्याकडे, खोली त्याची. पण किल्ली त्याला, ज्याच्याकडे गाडी.”

“राजे, आपल्याकडे आहे,” राजे म्हणाले.

“ताई, तुमच्याकडे?”

“आहे ना,” ती म्हणाली.

“अरे वा! कुठली?”

“सकाळची पहिली.”

हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने डॉक्टर हसले, खिशातून रुमाल काढून डोळे पुसण्याइतके. “ताई, ताई,” ते म्हणाले, “गाडी म्हणजे गाडी हो. स्वतःची. मनात आलं की निघालो.”

“पोचण्याचं काय?”

“काय?”

“मनात आलं की निघालो, कळलं. मनात आलं की पोचता का, ते विचारतेय.”

डॉक्टरांनी रुमालाची घडी केली. नव्या जागेच्या उद्‌घाटनाच्या दिवशी किल्ली कुणाला ते सांगेन, म्हणाले.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा नवऱ्याचा चेहरा उजळला. त्याच्या मोटारीला आयुष्यात हेतू सापडला होता. “बघ! म्हणूनच घेतली. रोज सोडतो तुला. तू नुसतं इन्चार्ज व्हायचं, बाकी मी बघतो.” मग निकाल लावून टाकल्यासारखा म्हणाला, “तुझ्या त्या रेल्वेच्या भरवशावर असली कामं होत नसतात.”

तिने मोटारीला संधी दिली. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे नवऱ्याने तिच्यावर पूर्वग्रहाचा आरोप केला. उद्‌घाटनाच्या आधीचा सगळा आठवडा सामान हलवायला नव्या जागेवर जावं लागत होतं आणि ती नवऱ्याबरोबर गेली.

मोटारीतला नवरा हा घरातल्या नवऱ्याहून वेगळा माणूस होता. घरात त्याला डासही मारवत नसे. स्टिअरिंग हातात आलं की जगात दोनच जाती उरत: त्याच्यापेक्षा हळू चालवणारे, ते मूर्ख, आणि जोरात चालवणारे, ते माजलेले. पुलाच्या अलीकडे तीन रस्ते एकत्र येत आणि तिथे या मूर्खांची आणि माजलेल्यांची रोज सकाळी सभा भरे. मोटार वीतभर सरकायची आणि थांबायची, वीतभर सरकायची आणि थांबायची. ज्या स्वातंत्र्याबद्दल तो शेजाऱ्यांना व्याख्यानं द्यायचा ते स्वातंत्र्य समोरच्या ट्रकच्या पाठीवर लिहिलेलं ‘सुरक्षित अंतर ठेवा’ वाचत बसायचं. नवरा दात खायचा. शब्दशः. जबड्याच्या कोपऱ्यात तो स्नायू टरटरून वर येताना तिला दिसे, आणि ह्याच्या दाढा लवकरच आपल्याच टेबलावर येणार, हे तिला कळे.

“बघ, कसे घुसतात! बघ! ह्याला लायसन दिलं कुणी?”

“हळू जरा. मला गाडी लागतेय.”

हे एकच वाक्य असं होतं की त्यात मोटारीला ती बिनतक्रार गाडी म्हणत असे.

“नवी कोरी गाडी लागेलच कशी? मनाचे खेळ आहेत. खिडकी उघड. नको, नको, धूळ येईल.”

आगगाडीचंही तिला काही कौतुक नव्हतं. आगगाडी अधूनमधून दोन स्टेशनांच्या मध्ये, कुणाच्या तरी परसात, कारण न सांगता उभी राहायची. मग एक मधाळ बाई दिलगिरी व्यक्त करायची, आणि त्या आवाजावरून स्पष्ट कळे की तिला दिलगिरी वगैरे काही वाटत नाही. डब्यात एक गृहस्थ नेमाने नखं कापायचे. एक खिडकी तिने कधी बंद झालेली पाहिली नाही. पण आगगाडी वाईट वागली तर तिला मनात शिव्या देता येत. मोटार वाईट वागली तर तिचा मालक शेजारी बसलेला असे, आणि तो आपल्याकडूनच सांत्वनाची अपेक्षा करी. शिवाय आगगाडीचं स्टेशन नव्या लॅबच्या थेट मागे होतं. टायरवाल्याच्या दुकानाला वळसा घातला की मागचं दार. डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं. ते नेहमी पुढून यायचे.

उद्‌घाटनाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याने मोटार दोनदा धुतली.

सकाळी तो दाढी करत असताना ती चपला घालून दाराशी आली. “अहो, मी गाडीने जाते,” ती म्हणाली.

“हो, हो, आलोच,” नवरा फेसातून म्हणाला.

तिने गाडीने जाते म्हटलं, म्हणजे ती गाडीने गेली. त्याने गाडीने जाते ऐकलं, म्हणजे तो किल्ल्या घेऊन खाली उतरला, मोटार बाहेर काढली, काच पुसली, एसी लावून ठेवला आणि वाट बघत बसला. बायकांना आवरायला वेळ लागतो, याबद्दल त्याने वॉचमनशी चार शब्दांची देवाणघेवाणही केली. मग त्याने फोन लावला.

“अगं, कुठे आहेस?”

“गाडीत.”

“गाडीत कशी असशील? गाडीत मी आहे!”

“अहो, गाडीत म्हणजे गाडीत. पोचेन आता.”

पलीकडून दुखावलेला आवाज आला. “मग तुझा तो भिंगाचा चष्मा? माझ्या गाडीत पडलाय काल. त्याच्याशिवाय तू काय करणारेस तिथे?”

हे मात्र खरं होतं. कपाळाला पट्ट्याने बांधायचा तिचा चष्मा मोटारीत राहिला होता, आणि त्याच्याशिवाय तिला दातावरचा रंग दिसला असता, पण दात हिरडीला टेकतो तिथली रेघ दिसली नसती.

“राहू दे, मी भागवते,” ती म्हणाली.

“आणतो,” नवरा म्हणाला, आणि ज्या बायकोला पोचवायचं होतं तिला न घेता, तिला पोचवायला निघाला.

नव्या लॅबच्या पायरीवर ती एकटी बसली होती. दार बंद. हार नाहीत, भाषण नाही, माणूस नाही. टायरवाल्याने आपणहून एक स्टूल आणून दिलं. बऱ्याच वेळाने डॉक्टरांचा फोन आला.

“ताई, पुलावर सगळं ठप्प आहे. एक ट्रक आडवा झालाय. कुणीच पोचू शकणार नाही, तेव्हा तुम्हीही घरीच—”

“मी पोचलेय.”

“कशा?”

“गाडीने.”

“शक्यच नाही. रस्ता दोन्हीकडून बंद आहे.”

“माझ्या गाडीला तो रस्ता लागत नाही.”

फोनमधून हॉर्नचा कल्लोळ आला आणि डॉक्टरांनी फोन ठेवला.

स्टुलावर बसल्या बसल्या तिला वाटलं, झालं. आता आणखी काय सिद्ध करायचं राहिलं? दाराशी ती आहे, किल्ली पुलावर आहे. इतकी उघड गोष्ट डॉक्टरांनाही दिसेल. ही तिची चूक. पुलावर अडकलेल्या माणसांना काय दिसतं, याचा तिने विचार केला नव्हता. त्यांना एकमेकं दिसतात.

ते आले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. आधी डॉक्टरांची मोटार, तिच्या मागे राजेंची, तिच्या मागे पांढरी, दोनदा धुतलेली, आता धुळीने माखलेली. तिघेही उतरले ते हसत उतरले. कुठल्यातरी लढाईवरून परतल्यासारखी त्यांची गट्टी झाली होती. राजेंच्या हातात डॉक्टरांचा थर्मास होता. नवऱ्याने तिचा भिंगाचा चष्मा चक्क स्वतःच्या कपाळावर चढवला होता.

“ताई, तुमचे मिस्टर म्हणजे अफलातून माणूस!” डॉक्टर लांबूनच ओरडले. “शेजारच्या लेनमध्ये बघतो तर डॅशबोर्डवर हा चष्मा. म्हटलं, हा तर आमच्या ताईंचा! काचा खाली केल्या, गप्पा सुरू. वेळ कसा गेला कळलं नाही.”

“ट्रकवाल्याला मी काय बोललो, ते सांगा राजे,” नवरा म्हणाला. तो राजेंना राजे म्हणू लागला होता.

मागून बाकीची माणसंही पूल ओलांडून आली आणि दार उघडलं. पेढ्याएवढं भाषण झालं. त्यात डॉक्टर म्हणाले की माणूस ओळखायचा तर संकटात ओळखावा, आणि आज पुलावर त्यांना राजेंची खरी ओळख पटली. किती शांत डोकं! किल्ली राजेंच्या हातावर ठेवली गेली. टाळ्यांत नवरा सगळ्यांत पुढे होता. आपण कशासाठी टाळ्या वाजवतोय ते त्याला उशिरा उमगलं.

ती डॉक्टरांच्या मागोमाग त्यांच्या केबिनमध्ये गेली. “सर, मी वेळेवर आले होते.”

“हो, ते आहेच. पण ताई, मिस्टर म्हणाले ना, तुम्हाला जबाबदारीची तशी हौस नाही. संध्याकाळी घरी वेळेत पोचलेलं बरं वाटतं तुम्हाला. म्हटलं, कशाला उगाच ओझं टाका.”

बाहेर नवरा मोटारीच्या बॉनेटवर बोटाने धूळ ओढून बघत होता.

“तुम्ही असं म्हणालात?” तिने विचारलं.

“अगं, बोलण्याच्या ओघात. आणि खोटं आहे का? उशीर झाला की तूच चिडचिड करतेस.”

“मी नाही करत. तुम्ही करता. तुम्हाला जेवायला उशीर होतो.”

“तेच ते. घर एकच आहे ना?” त्याने तिच्यासाठी दार उघडून धरलं. “चल, तुला बरं वाटत नसेल तर घरी सोडतो. कशी जाशील?”

“गाडीने,” ती म्हणाली, त्याच्या कपाळावरचा चष्मा काढून घेतला आणि कामाला आत गेली.

पुढचे काही दिवस नव्या लॅबच्या पायरीवर रोज सकाळी एक लहानशी सभा भरू लागली. आगगाडीने येणारी ती, तिच्यामागून ठशांत प्लास्टर ओतणाऱ्या बाई, पॉलिश करणारे काका, सगळे किल्लीची वाट बघत उभे. किल्ली पुलावर. राजे येत ते डोळे चोळत, “काय ट्रॅफिक राजे, काय ट्रॅफिक” म्हणत येत, आणि नंतर भट्ट्या तापेपर्यंत सगळे हात बांधून बसत. टायरवाल्याकडचं स्टूल कमी पडू लागलं, तेव्हा त्याने एक टायर आडवा टाकून दिला. दातांच्या कॅप वेळेवर मिळेनात म्हणून दवाखान्यांतून फोन येऊ लागले. डॉक्टर ते फोन मोटारीतच घेत, कारण तेही पुलावरच असत.

पहिल्याच आठवड्याच्या शेवटी, दुपारी चहाच्या वेळी, राजे तिच्या टेबलाशी आले. डॉक्टर खिडकीशी उभे राहून एका दाताकडे बघत होते. दात राजेंचा होता आणि उत्तरेच्या उजेडात भलताच दिसत होता.

“राजे ताई,” राजे गळ्यात साखर घालून म्हणाले, “एक काम होतं. ही किल्ली तुमच्याकडेच ठेवता का? नाहीतरी तुम्ही लवकर येताच. दार उघडायचं, बटणं दाबायची. बस. मला जरा सकाळची झोप...”

तिने ब्रश पाण्यात बुडवला, पुसला, सरळ ठेवला. मग हात पुढे केला आणि किल्ली घेतली. मुठीत घट्ट धरून ती डॉक्टरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ठेवते. म्हणजे खोली माझी.”

“तसं नाही हो,” राजे हसले.

“तसंच. किल्ली ज्याच्याकडे, खोली त्याची. सर म्हणाले होते, सगळ्यांसमोर. काका, म्हणाले होते ना?”

“म्हणाले होते बुवा,” पॉलिशवाले काका म्हणाले. त्यांना पायरीवर उभं राहून पाठीत उसण भरली होती.

“अहो ताई, ते मी आपलं एक...” डॉक्टर म्हणाले, आणि नेमका त्यांचा फोन वाजला. सगळ्यात मोठ्या दवाखान्याचा होता. पलीकडचा माणूस इतक्या चढ्या आवाजात बोलत होता की कॅप कधी मिळणार, हे अख्ख्या खोलीला कळलं. डॉक्टरांनी फोनवर हात ठेवला, हातातल्या टाइलीकडे पाहिलं, तिच्या मुठीकडे पाहिलं. “राजे?”

“मला काय, चालेल,” राजे म्हणाले. इन्चार्ज असण्यात सकाळी उठणं येतं हे त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं. “घ्या ताई. एकदाची ब्याद गेली.”

ती खोली तिला हाताच्या कौशल्यावर मिळाली नाही, वेळेवर येण्याने मिळाली नाही, न्यायाने तर नाहीच नाही. एका आळशी माणसाच्या साखरझोपेमुळे मिळाली. तिला हे पुरतं ठाऊक होतं आणि त्याचं तिने फार वाईट वाटून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी माणसं आली तेव्हा भट्ट्या तापल्या होत्या आणि राजेंची पांढरी पुडी वरच्या फळीवर, शिडी लावल्याशिवाय हात पोचणार नाही अशी ठेवलेली होती.

त्या संध्याकाळी ती घरी उशिरा आली. नवरा सोफ्यावर फोनवर बोलत होता. पलीकडे आक्का होती. जबडा चोळत बोलत होता, कारण दाढ दुखायला लागली होती.

“हो, हो, इन्चार्ज! अगं आक्का, मी म्हणत नव्हतो? मालकांशी ओळख कुणी केली? पुलावर, मीच. त्या दिवशी गाडी काढली नसती तर झालं असतं का हे? छे! सगळं गाडीमुळे. थांब, ही आलीच, हिलाच विचार.” त्याने फोन तिच्यापुढे धरला. “सांग आक्काला. कशामुळे मिळालं?”

“गाडीमुळे,” ती फोन घेऊन म्हणाली.

“बघ!” नवरा म्हणाला.

तिने पर्समधून किल्ली काढून खुंटीला अडकवली आणि गाडीच्या पासाची मुदत संपत आलीय, नवा काढायला हवा, हे आठवून फोन त्याच्या हातात परत दिला.